सड्यावरचं टाकं

गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या आमच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, आषाढात पाय ठेवायला कोरडी जागा मिळत नाही आणि फाल्गुन उजाडला की गुरांना तोंड बुडवायला डबकं मिळत नाही. श्रावण-भाद्रपदात कातळावर गेंदाची पांढरी आणि सीतेच्या आसवांची जांभळी फुलं पसरतात. शिमग्याच्या सुमारास त्याच कातळावर करपलेलं गवत आणि काळा दगड एवढंच उरतं. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी हे असं. कारण साधं आहे. चिरा, म्हणजे जांभा, हा छिद्रांचा दगड. पडलेलं पाणी तो धरून ठेवत नाही, खाली सोडतो, आणि ते सड्याच्या पायथ्याला झर होऊन बाहेर येतं. म्हणून खालच्या वाड्यावर कुळागरं, म्हणजे पोफळीच्या बागा, हिरवीगार आणि वर आम्ही टँकरची वाट बघत बसलेलो.

वाटणीत हा तुकडा आमच्याकडे आला तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "थंय उदक ना, कित्याक वतात?" तिथे पाणी नाही, कशाला जाता? त्यांचा प्रश्न रास्त होता. पण नवऱ्याला आणि मला जागा मनापासून आवडली होती. समुद्राकडचा वारा, मोकळं आभाळ, आसपास मोजकी घरं. घर बांधायचं तर चिरा, चुना, लाकूड आणि कौलं यांचं, सिमेंट लागेल तिथेच, आणि पाण्यासाठी टँकरवर विसंबायचं नाही, एवढं आमचं पक्कं होतं. नळ होता, पण उन्हाळ्यात त्याला दिवसाआड पाणी, तेही चढावरून वर येईपर्यंत धार बारीक झालेली.

सात महिने कोरड्या राहणाऱ्या जागी कसं राहायचं, हे विचारायचं तर बारा महिने कोरड्या जागी राहणाऱ्या माणसांनाच विचारावं, असं माझ्या मनाने घेतलं. माझी एक शाळेतली मैत्रीण जोधपूरला असते. तिच्या ओळखीने जैसलमेरकडच्या एका गावात, मातीची घरं आणि पावसाचं पाणी साठवणारी जुनी टाकी दुरुस्त करणाऱ्या कारागिरांबरोबर राहायची सोय झाली. मडगावहून मरुसागर एक्सप्रेसने अजमेर, तिथून जोधपूर आणि पुढे जैसलमेर. दिवस थंडीचे होते.

मी गेले होते भिंती बघायला. आणि भिंती बघण्यासारख्याच आहेत. गावातली जुनी घरं माती, शेण आणि भुशाच्या गिलाव्याची, भिंत हातभर रुंद, खिडक्या लहान आणि उंचावर. काही झोपड्या गोल होत्या, वर खींप नावाच्या वाळवंटी झुडपाचं शाकारलेलं टोकदार छप्पर. गोल भिंतीला वारा धडकत नाही, वळसा घालून निघून जातो, त्यामुळे रेतीच्या वादळात ती टिकते. जैसलमेर शहरात पिवळ्या दगडाच्या हवेल्या एकमेकींना इतक्या खेटून आहेत की गल्लीत दुपारीही सावली असते. दगडाच्या जाळीतून वारा आत येताना झोत बारीक होतो आणि उन्हाची तिरीप बाहेरच अडते. मी वहीत सगळं काढून घेत होते: भिंतीची जाडी, खिडकीची उंची, छपरावरचा मातीचा थर.

कारागिरांमधले जे सगळ्यांत वडीलधारे होते, त्यांना सगळे बासा म्हणत. त्यांनी माझी वही बघितली आणि मला विचारलं, "तुमच्याकडे उन्हाळ्यात रात्री अंगणात झोपलं तर गार वाटतं का?" मी म्हटलं, "नाही. पहाटेपर्यंत घाम येतो." त्यांनी पुढे विचारलं, ओलं फडकं दोरीवर टाकलं तर किती वेळात वाळतं? पावसाळ्यात तर वाळतच नाही, मी म्हटलं. मे महिन्यात सावलीत टाकलं तर बराच वेळ लागतो. "मग ही भिंत तुमच्या कामाची नाही," ते म्हणाले, आणि मला शेजारी बसवून त्यांनी कारण सांगितलं.

ते कारण मी नंतर आकड्यांत मांडून बघितलं आणि ते तंतोतंत बसलं. जैसलमेरला मे महिन्यात दुपारी पारा ४२ अंशांच्या आसपास असतो आणि रात्री तो १५ अंशांनी तरी उतरतो. जाड भिंत दिवसभर ऊन पिते, ते आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते, आणि तोवर माणसं बाहेर किंवा गच्चीवर झोपायला गेलेली असतात. रात्रीच्या गार, कोरड्या हवेत भिंत आपली उष्णता आभाळाला देऊन टाकते आणि सकाळी रिकामी होऊन पुन्हा उभी राहते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ३३-३४ आणि रात्री २६-२७. फरक जेमतेम सहा-सात अंशांचा. भिंत रिकामी व्हायला वावच नाही. तशी भिंत इथे बांधली तर ती रात्रभर खोलीत ऊब सोडत राहील. तीच गोष्ट वाळ्याच्या ताट्यांची आणि पाण्याच्या फवाऱ्याची. कोरड्या हवेत पाणी उडून जाताना गारवा देऊन जातं. आपली हवा आधीच दमट, त्यात आणखी पाणी मिसळलं तर फक्त चिकचिक वाढते. गोव्यात गारवा वाऱ्याचा. समोरासमोर खिडक्या, उंच छप्पर, कौलांखाली मोकळी फट, चहूबाजूंनी पडवी. आपल्या जुन्या घरांनी हे केव्हाच ओळखलेलं आहे.

अलीकडे गोव्यात 'वाळवंटी शैली'ची घरं बांधायची टूम निघाली आहे: सपाट छप्पर, मातीच्या रंगाच्या उघड्या भिंती, नावाला खिडक्या. फोटोत ती देखणी दिसतात. तीन हजार मिलिमीटर पावसात सपाट छप्पर पहिल्या-दुसऱ्या वर्षी गळतं, मग त्यावर पत्र्याची शेड चढते, आणि आत वर्षभर एसी चालतो. वाळवंटाकडून शिकायचं ते हे नव्हे. तिथला माणूस आपल्या आभाळाकडे बघून घर बांधतो, आपणही आपल्या आभाळाकडे बघून बांधायला हवं.

"भिंत इथेच ठेवा," बासा म्हणाले, "न्यायचं असेल तर टांका न्या."

ज्या घरी मी उतरले होते, त्या घराचा टांका, म्हणजे जमिनीतलं टाकं, अंगणापासून थोडं दूर होतं. ते दाखवायला घरातली वहिनी मला घेऊन गेली. काठाशी पोहोचण्याच्या कितीतरी आधी तिने चपला काढल्या आणि माझ्या पायांकडे बघत थांबली. मीही काढल्या. तिथून आगोर सुरू होतो. आगोर म्हणजे टाक्याचं पाणलोट: सगळ्या बाजूंनी मध्याकडे उतरती केलेली, मुरूम टाकून धुमसलेली गोल जमीन. तिच्यावर पडलेला प्रत्येक थेंब चालत टाक्यापर्यंत यावा म्हणून ती वर्षभर स्वच्छ ठेवतात. शेळी फिरकू देत नाहीत, उष्टं-खरकटं टाकत नाहीत, पावसाआधी झाडून काढतात. मधोमध टाक्याचं तोंड, जमिनीपासून उंच उचललेलं, त्यावर लाकडी झाकण आणि झाकणाला कुलूप. पाणी आत जायच्या भोकांना जाळी, म्हणजे साप-उंदीर आत जाणार नाहीत.

तिने पोहरा सोडून पाणी काढलं, घागर भरली. पोहऱ्यात ओंजळभर उरलं, ते परत आत न ओतता शेजारच्या कुंडीत ओतलं, शेळ्यांसाठी. मग एक लांब काठी आत सोडून बाहेर काढली आणि ओल्या खुणेवर बोट ठेवून म्हणाली, होळीपर्यंत इथे आलं पाहिजे, आखातीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, इथे. त्या काठीवर त्यांचं सगळं वर्ष होतं. घरात आंघोळ खाटेवर बसून करतात, खाली परात ठेवतात आणि परातीतलं पाणी आधी कपड्यांना, मग जनावरांकडे किंवा झाडाला जातं. पाहुणा आला की ते पाणी आनंदाने देतात, पण किती दिलं हे त्यांना ठाऊक असतं.

जैसलमेरला वर्षाचा पाऊस जेमतेम २०० मिलिमीटर. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हे शाळेत मीच मुलांना शिकवत आले आहे, पण तिथे त्या काठीशेजारी उभी राहून पहिल्यांदा मी ते आमच्या घराला लावून बघितलं. १०० चौरस मीटरचं छप्पर, तीन हजार मिलिमीटर पाऊस: तीन लाख लिटर. उडालेलं, सांडलेलं, मुरलेलं वजा केलं तरी दोन लाख चाळीस हजार. म्हणजे आमच्या सड्यावर तुटवडा पावसाचा नाहीच, पाऊस ठेवायच्या जागेचा आहे.

परतताना जैसलमेरच्या किल्ल्यावर गेले. १२व्या शतकातला हा किल्ला अजून नांदता आहे, आत लोक राहतात. शहराचं पाणी पूर्वी गडीसर तलावातून यायचं, बायका घागरींनी आणायच्या, आणि सांडपाणी म्हणजे दोन-चार उघडी गटारं. मग नळ आले. घरोघरी संडास-न्हाणीघरं झाली, पाण्याचा वापर कैकपटींनी वाढला आणि गळणारं पाणी किल्ल्याखालच्या मातीच्या थरांत मुरायला लागलं. गेल्या शतकाच्या अखेरीला तटबंदीचे भाग खचले, बुरूज ढासळले, आणि जगभरातल्या धोक्यात आलेल्या वास्तूंच्या यादीत हा किल्ला गेला. शतकानुशतकं टिकलेले दगड पाझराने हलले. इमारत किती पाण्याच्या हिशोबाने बांधली आहे, हे तिच्या पायाला माहीत असतं. मला हे घरी आल्यावर फार कामाला आलं.

सनद (जमीन बिनशेती करून घेतल्याचा दाखला), पंचायतीचा परवाना, वीज वगैरे गोष्टींना जो वेळ लागायचा तो लागला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखे आहेत ते आमचे मेस्त, म्हणजे गवंडी. सत्तरीकडे झुकलेले, चुन्याचं काम हातात असलेले आता तालुक्यात थोडेच उरलेत, त्यांपैकी एक. मी त्यांना टाक्याचं चित्र दाखवलं तर त्यांना अजिबात नवल वाटलं नाही. "आग्वादचें पळोवंक ना गो बाई?" आग्वादचं बघितलं नाहीस का, त्यांनी विचारलं. खरंच होतं. १६१२ साली बांधलेल्या आग्वादच्या किल्ल्यात २३ लाख गॅलनांहून अधिक पाणी साठवणारं टाकं आहे, चिऱ्याच्याच टेकाडावर, आणि जहाजं तिथे पाणी भरून घेत. महाराष्ट्रातल्या किल्ल्यांवर तर खडकात कोरलेल्या टाक्यांवाचून गड नांदलाच नसता. सड्यावर टाकं ही आपल्याकडचीच वहिवाट आहे. दारात नळ आल्यावर आपण ती सोडून दिली, जशी विहीर सोडून दिली.

मेस्तांनी एक अट घातली. "पयलीं उदकाची वाट पळोवया, मागीर घराची." आधी पाण्याची वाट बघू, मग घराची. म्हणून एक पावसाळा आम्ही काहीही न बांधता नुसता बघितला. मुसळधार पावसात छत्री घेऊन जायचं, पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठून उतरतं ते बघायचं आणि तिथे चुन्याने रंगवलेला दगड ठेवायचा. दिवाळीपर्यंत जमिनीवर पांढऱ्या दगडांच्या ओळी उभ्या राहिल्या. घर त्या ओळींच्या मधल्या उंचवट्यावर आलं आणि टाकं त्याहून किंचित खाली, छपराचं पाणी आपोआप येईल असं.

घराच्या भिंती एका चिऱ्याच्या जाडीच्या. पश्चिमेला रुंद पडवी, कारण सड्यावर दुपारचं ऊन आणि पावसाचा झोत दोन्ही तिकडूनच येतात. पावसाळ्यात तिला माडाच्या चुडतांची मल्लां, म्हणजे विणलेल्या झावळ्यांचे आडोसे, लावतो. छपराला मंगळुरी कौलं, बरीचशी जुन्या घरांची उतरवलेली. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला पहिला कारखाना काढला तेव्हापासूनची ही कौलं एवढी नीट अडकतात की शंभर वर्षांचं कौल आजच्या कौलात बसतं. गिलावा चुन्याचा. चिरा श्वास घेतो. त्यावर सिमेंट चोपडलं की आतली ओल बाहेर यायला वाट राहत नाही, मग क्षार फुटतात आणि पापुद्रे सुटतात. रेती क्रशरची घेतली. शापोरा आणि तेरेखोल नद्यांचे काठ रेतीउपशाने कसे खचलेत ते येता-जाता दिसत असताना नदीची रेती घ्यायला मन होईना.

टाक्याचं काम नोव्हेंबरात सुरू झालं. आकार गोल, आतून व्यास तीन मीटर, खोली तीन मीटर. गोल अशासाठी की पाण्याचा दाब चहूबाजूंना सारखा वाटला जातो आणि तडकायला कोपराच राहत नाही. वरचा कातळ कठीण निघाला, त्याखाली मऊ चिरा. ताजा चिरा कोयत्यानेही तासता येतो आणि हवा लागली की घट्ट होतो. खड्ड्यातून निघालेले बरे चिरे कुंपणाच्या गडग्याला लागले.

इथे वाळवंट आणि सडा यांतला मोठा फरक पुढे आला. थरच्या वाळवंटात टाक्याभोवतीची जमीन कोरडी असते. पाणी आतून बाहेर जाऊ नये एवढंच बघायचं. आमच्या सड्यावर जुलैत जमीन पाण्याने तट्ट भरलेली असते आणि ती बाहेरून आत दाबते. टाकं रिकामं असेल तर भिंतीला धोका, आणि बाहेरचं गढूळ पाणी आत यायची भीती. जैसलमेरच्या किल्ल्याचा पाया डोळ्यांसमोर होता. मेस्तांनी टाक्याभोवती खोल चर काढून त्यात दगडगोटे भरले आणि त्याला उताराकडे वाट दिली, म्हणजे भोवतीचं पाणी तिथेच उतरून जाईल. शिवाय पाऊस जोर धरतो तोवर टाकं भरत येतं, मग आतला आणि बाहेरचा दाब एकमेकांना तोलून धरतात.

चुना विरवायचा दिवस मी कधी विसरणार नाही. कळीचा चुना, म्हणजे भट्टीतून आलेले पांढरे खडे. पूर्वी गोव्यात शिंपले भाजून चुना करत. आता तो मिळणं कठीण, म्हणून दगडी चुना आणला. हौदात आधी पाणी, मग त्यात खडे. उलटं करायचं नाही, चुना अंगावर उडतो. मेस्तांनी सगळ्यांना लांब उभं केलं, आम्ही डोळ्यांवर चष्मे आणि तोंडाला फडकी बांधली. पहिले खडे पडले आणि थोडा वेळ काहीच झालं नाही. मग तडतड सुरू झाली, खडे फुटायला लागले, पाणी खदखदायला लागलं आणि हौदावर वाफेचा ढग उभा राहिला. खाली विस्तव नाही, तरी जवळ उभं राहवत नव्हतं. भट्टीत ९०० अंशांच्या आसपास जी आच त्या दगडाने घेतलेली असते, तिच्यातली काही तो इथे परत देतो. हौद गार झाल्यावर वर बोटभर पाणी राखून चुना कित्येक आठवडे तसाच ठेवला. बाहेर काढला तेव्हा लोण्यासारखा मऊ होता.

नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो. पाण्याखाली तो घट्ट होत नाही. म्हणून टाक्याला सुरखी हवी. सुरखी म्हणजे भाजलेल्या मातीची भुकटी. फार कडक भाजलेली माती चुन्याशी नीट जुळत नाही, कमी भाजलेली जुळते. सासूबाईंच्या माहेरचा मांगर, म्हणजे बागेतली कौलारू खोपी, पडला होता. तिथल्या गावठी नळ्यांच्या कौलांचे तुकडे पोत्यांनी आणले आणि गिरणीत दळून वस्त्रगाळ केले. एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग रेती, मळायला गुळाचं पाणी. मळून लगेच वापरायचं नाही, झाकून मुरवायचं, पुन्हा मळायचं. राजस्थानात याच मिश्रणात मेथीचं पाणीही घालताना मी बघितलं होतं. मेस्तांनी ऐकून घेतलं आणि आपलं गुळाचं पाणीच ठेवलं.

तीन हात चढले. पहिला खडबडीत, लाकडी थापीने ठोकून ठोकून बसवलेला, ठोकल्यावर पृष्ठावर पाणी येई आणि ते पुन्हा आत जाई. दुसरा बारीक. तिसरा फक्त चुना आणि वस्त्रगाळ सुरखी, तोही नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घासलेला. मेस्त टाक्याच्या तळाशी मांडी घालून बसत आणि हातभर जागा घासत राहत, चेहरा दिसू लागेपर्यंत. मी खाली उतरून घासून बघितलं. दाब एकसारखा ठेवणं हीच कला आहे. जोर कमी पडला तर झिलई येत नाही, जास्त झाला तर थर सुटतो. मग आठवडेच्या आठवडे ओली गोणपाटं. चुन्याला घाई चालत नाही. सकाळी शाळेत जायच्या आधी गोणपाटं भिजवायची, आल्यावर पुन्हा भिजवायची. सुट्टीच्या दिवशी वाड्यावरची मुलं हे काम मागून घेत, तळाशी उतरून आरोळी ठोकली की ती घुमते म्हणून.

झाकणाला मात्र आम्ही सिमेंटचा स्लॅब घातला. घुमट चांगला दिसला असता, पण त्याला लागणारा कारागीर आणि वेळ आमच्याकडे नव्हता, आणि सिमेंट जिथे खरंच उपयोगी आहे तिथे ते वापरावं या मताची मी आहे. झाकणाच्या दाराला कुलूप आहे. ओसंडणाऱ्या नळीला आणि आत येणाऱ्या नळीला बारीक जाळी, कारण डेंग्यू-मलेरियाच्या प्रदेशात उघडं साठवलेलं पाणी हा गुन्हाच आहे.

पाणी धरायची पद्धत आम्ही पंचांगावर बसवली. मृगाचा पाऊस पूर्ण सोडून देतो. कौलांवरची धूळ, पाचोळा, पाखरांची घाण त्यात धुऊन जाते. आर्द्रा लागली की तोटी टाक्याकडे फिरवतो. वाळवंटातल्या त्या वहिनीला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा ती क्षणभर गप्प झाली. दोन आठवड्यांचा पाऊस सोडून देणं तिला कल्पनेतही शक्य नव्हतं. तिच्याकडे १०० चौरस मीटरवर वर्षाला जेवढं पडतं, तेवढं आमच्या छपरावरून जुलैच्या आठ-दहा दिवसांत येतं. नव्या चुन्याचं पहिलं पाणी क्षारट असतं, म्हणून पहिल्या वर्षी एकदा भरलेलं टाकं उपसून पाणी बागेला दिलं आणि पुन्हा भरलं. आम्हाला ते परवडतं.

टाक्यात २१ हजार लिटर मावतात. परतीचा पाऊस संपल्यापासून पुढच्या मृगापर्यंत साधारण २१० दिवस. म्हणजे दिवसाला १०० लिटर, आम्हा चौघांना माणशी २५. पिणं, स्वयंपाक आणि भांड्यांचा शेवटचा हात, एवढं त्यात सहज होतं. बाकीच्याला नळाचं पाणी. तीन मीटर खोली सात महिन्यांत भागली की महिन्याला हातभरापेक्षा थोडं कमी येतं. आमच्याकडेही आता एक काठी आहे, तिच्यावर महिन्यांच्या खाचा आहेत. धाकटी लेक दर पहिल्या तारखेला ती सोडते आणि खाचेच्या वर की खाली ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगते. खाली असेल तर त्या दिवशी घरात त्याचीच चर्चा.

पाणी दरवर्षी तपासून घेतो आणि उकळूनच पितो. सासूबाई सुरुवातीला म्हणायच्या, या पाण्याला चव नाही. विहिरीच्या पाण्यातले क्षार यात नसतात, तेव्हा ते खरंच आहे. पण तूरडाळ या पाण्यात लवकर आणि मऊ शिजते हे त्यांच्या लक्षात आलं, आणि आता वरणाचं पाणी टाक्यातलंच असावं असा त्यांचा आग्रह असतो. न्हाणीचं पाणी केळी आणि अळवाला जातं, ते त्यांनी सांगितल्याप्रमाणेच. त्यांच्या माहेरी तसंच होतं.

छपरावर पडणाऱ्या पाण्याचा दहावा हिस्साही टाक्यात मावत नाही. उरलेलं पाणी आम्ही गटारात सोडत नाही. उताराला आडवे चर काढले आहेत, त्यांत ते थांबतं आणि सड्यात मुरतं. मला यात सगळ्यांत जास्त जीव आहे. खालच्या वाड्यावरचा झर, तिथली कुळागरं, तिथल्या विहिरी या सड्याने पावसात प्यालेल्या पाण्यावर जगतात. गोव्याचे सडे आज ओसाड जमीन म्हणून विकले जात आहेत. त्यांवर वसाहती, व्हिला, तरणतलाव, फरसबंद आवारं होत आहेत. सड्यावर काँक्रीट पडलं की वरच्यांना टँकर लागतो आणि खालच्यांचा झर आटतो. नुकसान दोन्हीकडे होतं, आणि झर आटल्याचं कारण वर आहे हे खालच्याला कळायला कित्येक वर्षं जातात. घर बांधणाऱ्याने आपल्या छपराएवढं पाणी तरी सड्याला परत द्यावं, हा पंचायतीच्या परवान्याचा भाग व्हायला हवा असं मला ठामपणे वाटतं, आणि ग्रामसभेत मी ते मांडलं आहे.

खर्चाचं लोक विचारतात. सिमेंटच्या टाकीपेक्षा माल स्वस्त पडला, मजुरी जास्त पडली. पण ती मजुरी गावातच राहिली. दोन तरुण पोरं मेस्तांच्या हाताखाली चुना शिकली, हे पैशांत मोजता येणार नाही.

यंदा शेजारची दोन घरं मिळून एक टाकं बांधताहेत, आमच्यापेक्षा मोठं. मेस्त आता उभं राहून काम करत नाहीत, खुर्ची टाकून बसतात आणि पोरांकडून करून घेतात. त्यांना जुनी नळ्यांची कौलं कमी पडताहेत. कुणाकडे पडलेल्या मांगराची असतील तर सांगावं. काम मेच्या पंधरवड्याआधी संपलं पाहिजे, असं त्यांनी बजावलं आहे, वळवाच्या सरी आल्या की ओला चुना धुऊन जातो.